कीटकांचे हॉटेल : एका प्रकल्पाची परीक्षा

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, पवनचक्की अशा नेहमीच्या मंडळींमध्ये एक प्रकल्प वेगळा दिसला. छपराचे छोटे लाकडी घर, त्यात पाच कप्पे आणि वर रंगीत अक्षरांत पाटी : 'कीटकांचे हॉटेल'. पहिल्या कप्प्यात बांबूच्या नळ्या, दुसऱ्यात भोके पाडलेला ओंडका, तिसऱ्यात चिडाची वाळकी फळे, चौथ्यात गवत आणि पाचव्यात उभ्या चिरा असलेली लाल फळी. प्रत्येक कप्प्याखाली पाहुण्याचे नाव होते : मधमाशी, भुंगेरा, चित्रांगी ढालकिडा, जाळीपंखी कीटक, फुलपाखरू. घर सहा महिने शाळेच्या बागेत होते, प्रदर्शनासाठी आत आणले होते. काम सुबक होते. सुतारकाम मुलांनीच केले होते, हे ओबडधोबड खिळ्यांवरून कळत होते आणि त्याचा मला आनंदच झाला.

माहिती सांगायला सातवीतली एक मुलगी उभी होती. तिचे पाठ केलेले भाषण संपल्यावर मी विचारले, "मग सहा महिन्यांत कोणकोण राहायला आले?" ती गोंधळली. मग अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, अजून कोणी आलं नाही. उलट दोन-तीन नळ्या चिखलानं बुजल्यात. आम्ही साफ करणार होतो, पण राहून गेलं."

मी वाकून पाहिले. बांबूच्या तीन नळ्यांची तोंडे गुळगुळीत चिखलाने लिंपलेली होती. हॉटेलात पाहुणे आलेले होते, खोल्यांची दारे आतून नव्हे तर बाहेरून बंद करून गेलेले होते आणि यजमानांना त्याचा पत्ताच नव्हता. हा लेख त्या तीन नळ्यांबद्दल आहे.

असे हॉटेल बनवण्याची कृती आज सर्वत्र मिळते. शाळांतून, बागांतून, गृहसंकुलांतून ती उत्साहाने राबवली जाते. तेव्हा एखाद्या पुस्तकाचे करावे तसे या प्रकल्पाचेही परीक्षण व्हायला हवे. तो काय सांगतो, ते खरे आहे का, आणि तो करून मुलाच्या हाती काय उरते, हे तपासायला हवे.

आधी त्याच्या बाजूने. ही कल्पना उथळ नाही, तिची परंपरा मोठी आहे. फ्रान्समधील कीटक-निरीक्षक झाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) हा मुळात शाळामास्तर. कार्पांत्रा गावी नवाच शिक्षक असताना तो मुलांना मोजणी शिकवायला माळावर नेई. त्याच्या लक्षात आले की, खुणेची काठी घेऊन पाठवलेली मुले मध्येच थांबतात, वाकतात आणि दगड उचलतात. दगडांवर एका काळ्या माशीने मातीची घरटी बांधली होती आणि मुले गवताच्या काडीने त्यातला मध चोखत होती! मास्तरांनी मुलांना दटावण्याऐवजी स्वतःही काडी हातात घेतली. पुढे त्याने जवळजवळ महिन्याच्या पगाराइतकी किंमत मोजून कीटकांवरचा एक ग्रंथ विकत घेतला. त्यानंतर अनेक वर्षांनी त्याने घरी वेताच्या आणि काचेच्या नळ्या मांडून एकट्याने राहणाऱ्या माश्यांना तिथे घरटी करायला लावले. आजचे कीटक-हॉटेल हे त्या नळ्यांचेच वंशज आहे. जपानमध्ये सफरचंदाच्या बागांत अशाच बोरूच्या जुड्या बांधून परागीभवनासाठी माश्या वाढवतात. उत्तर अमेरिकेत घासाच्या बियाण्यासाठी पर्णकर्तक माश्या भोके पाडलेल्या फळ्यांत पाळतात. म्हणजे नळी ठेवली की माशी येते, एवढे निश्चित.

आता दोष पाहू. पहिला दोष नावातच आहे.

हॉटेलात पाहुणा येतो, रात्र काढतो आणि जातो. नळीत असे काही घडत नाही. एकाकी माशीची मादी नळीच्या आतल्या टोकाशी पराग आणि मध यांचा एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि पडदा बांधते. मग दुसरा गोळा, दुसरे अंडे, दुसरा पडदा, असे करत ती तोंडापर्यंत येते, शेवटी दार लिंपते आणि निघून जाते. बहुतेक जातींत आईची आणि लेकरांची भेट होतच नाही. अंड्यातून निघालेली अळी आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर वाढते, कोष करते आणि ऋतुमान पाहून बाहेर पडते. म्हणजे हे हॉटेल नव्हे, पाळणाघर आहे. तेही असे की, जिथे मूल ठेवून आई परत येत नाही. नाव चुकले की अपेक्षा चुकते. 'पाहुणे' दिसले नाहीत म्हणून ती मुलगी निराश झाली आणि बंद दार तिला घाण वाटली. नळ्या साफ केल्या असत्या, तर आतली सगळी पिल्ले कचऱ्यात गेली असती.

दुसरा दोष आराखड्याचा. पाच कप्प्यांचा हा नमुना थंड देशांतला आहे. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. काही ढालकिडे, जाळीपंखी कीटक आणि काही फुलपाखरे प्रौढ अवस्थेतच अडोशाला बसून हिवाळा काढतात. त्यांच्यासाठी फटी, गवत, चिडाची फळे ठेवण्यामागे निदान काही तर्क आहे. आपल्याकडे पठारावर असा गोठवणारा हिवाळा नाही. इथे कीटकांची खरी परीक्षा होते ती पावसाळ्याच्या ओलीत आणि वैशाखाच्या कोरड्या उन्हात. चीड महाराष्ट्रात आपोआप उगवत नाही, म्हणून ती फळे मुलांनी शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून विकत आणली होती! फुलपाखरांच्या चिरांचे तर त्या थंड देशांतही फारसे जमत नाही. तिथे कोळी आणि गांधीलमाश्याच बहुधा जागा धरतात. फुलपाखरू हवे असेल तर कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे एक झाड आणि कोपऱ्यात एक रुई पुरते. पानावर अंडे, अळी आणि कोष हे सगळे मुलांना भिंगाशिवाय दिसते. लाल फळीला ते साधत नाही.

उरल्या नळ्या आणि ओंडका. त्या उपयोगाच्या आहेत, पण त्यांनाही काही अटी आहेत आणि त्या मी स्वतःच्या चुकांतून शिकले. काही वर्षांपूर्वी घराच्या गच्चीवर मी पहिली जुडी बांधली ती दोन्ही टोके उघडी असलेल्या नळ्यांची. एकही मादी फिरकली नाही, कारण मागून उघड्या नळीत पिल्ले ठेवणे म्हणजे भिंत नसलेल्या घरात झोपणे. पुढल्या खेपेस आतले दिसावे म्हणून काचेच्या नळ्या लावल्या. त्यांत घरटी झाली, पण काच ओल शोषत नाही. श्रावणात आतून दव धरले आणि परागाच्या गोळ्यांवर बुरशी वाढली. अळ्या एकेक करून मेल्या आणि ते सगळे मी काचेतून पाहत होते. तिसऱ्या वर्षी बांबू लावला, पण मागच्या हंगामातलाच. तेव्हा एक निळी-हिरवी, धातूसारखी चमकणारी सुंदर माशी रोज जुडीभोवती घिरट्या घालू लागली. ती दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारी, कोकिळेच्या वृत्तीची माशी होती. दहा-पंधरा घरटी एका जागी मांडून मी तिच्यासाठी अन्नछत्रच उघडले होते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, कारण तो विज्ञानाचा आहे. प्रकल्पाच्या तक्त्यावर ठळक वाक्य होते : 'या हॉटेलामुळे मधमाश्या वाचतात.' हे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. ते कोणी तपासले आहे का? आहे. कॅनडातील टोरांटो शहरात मॅकआयव्हर आणि पॅकर या दोघांनी तीन वर्षांत जवळजवळ सहाशे ठिकाणी अशी घरे टांगली आणि त्यांत कोण वाढते ते मोजले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे, २७,००० हून अधिक माश्या व गांधीलमाश्यांमध्ये स्थानिक गांधीलमाश्याच सर्वांत जास्त होत्या. मोजलेल्या मधमाशी-कुळातील माश्यांपैकी ४७ टक्के परदेशातून आलेल्या जातींच्या होत्या आणि परजीवींचा उपद्रव स्थानिक माश्यांना अधिक झाला होता. फ्रान्समध्ये मार्सेय परिसरात २००८ साली पूर्व आशियातली एक मोठी पर्णकर्तक-कुळातली माशी प्रथम आढळली. तिथल्या अशा घरांत तिने मोठ्या प्रमाणात बस्तान बसवले आहे. उत्तर अमेरिकेत पाळीव पर्णकर्तक माश्यांच्या दाट वस्त्यांत १९७० च्या दशकात बुरशीचा एक रोग पसरला आणि फळ्या निर्जंतुक करण्याचे नवेच काम शेतकऱ्यांच्या मागे लागले. या सगळ्याचा अर्थ घरे टांगू नयेत असा नाही. अर्थ एवढाच की, टांगणे म्हणजे वाचवणे नव्हे. काय घडले ते मोजल्याशिवाय तक्त्यावर ते वाक्य लिहिता येत नाही.

चौथी गोष्ट मला प्रदर्शनातून परत निघताना दिसली. ज्या बागेत हे घर उभे होते, तिच्या कडेचे सगळे अंगण नव्याने सिमेंटच्या ठोकळ्यांनी फरसबंद केलेले होते. चिखल होऊ नये, मुलांचे बूट खराब होऊ नयेत, हा हेतू चांगलाच. पण जगातल्या वीस हजारांहून अधिक ज्ञात मधमाशी-जातींपैकी सुमारे ७० टक्के जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना नळी नको, ओंडका नको. त्यांना हवी मोकळी, उन्हाची, फारशी न तुडवलेली माती. आग्या, सातेरी आणि फुलोरी यांची पोळी आपण पाहतो म्हणून मधमाशी म्हणजे पोळे हे समीकरण डोक्यात बसले आहे. पण जगातल्या बहुसंख्य जाती एकेकट्या राहतात, आणि त्यांचे घर म्हणजे पायाखालचे पेन्सिलीएवढे भोक. आपण शंभर चौरस मीटर जमिनीवर झाकण घातले आणि भरपाई म्हणून भिंतीवर पाच कप्पे टांगले. मुलांनी यातून नकळत काय शिकले? निसर्गाची सोय एका पेटीत होते आणि बाकीची जागा आपली असते, हे. या धड्याची मला खरी काळजी वाटते.

शिवाय आपल्या जुन्या घरांभोवती अशी पाळणाघरे न बांधताच होती. कुडाच्या भिंती, मातीचे गिलावे, वाशांची भोके, बांबूच्या तट्ट्या, कुंपणाच्या वाळक्या काटक्या ही सगळी तीच. अजूनही घरातल्या प्लगची भोके कुंभारीण माशी चिखलाने बुजवते आणि आपण वैतागून ती खिळ्याने कोरतो. (विजेच्या भोकात खिळा घालू नये, हे मुलांना आधी सांगावे!)

मग प्रकल्प सोडून द्यावा का? मुळीच नाही. नाव, नमुना आणि दावा बदलावा. शिक्षकांनी करून पाहावा असा आराखडा देते. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

बांबूच्या पन्नास-साठ नळ्या घ्याव्यात, प्रत्येक सुमारे १५ सेंटिमीटर लांब. एका टोकाला पेर ठेवून कापावे म्हणजे मागची बाजू आपोआप बंद राहते. तोंडाच्या कडा सँडपेपरने गुळगुळीत कराव्यात, नाहीतर पंख फाटतात. आतला व्यास ३ ते १२ मिलिमीटरच्या दरम्यान निरनिराळा असावा. प्रत्येक नळीवर क्रमांक आणि व्यास लिहावा. पाच-पाच, दहा-दहा नळ्यांच्या लहान जुड्या करून वेगवेगळ्या ठिकाणी, सकाळचे ऊन मिळेल पण पाऊस लागणार नाही अशा वळचणीखाली घट्ट बांधाव्यात. लोंबकळत ठेवू नयेत. एकच मोठी जुडी केली तर काय होते ते वर सांगितलेच आहे. तारेला थोडे ग्रीस लावले तर मुंग्या चढत नाहीत. जुडीतली पिल्ले बाहेर पडल्यावर त्या नळ्या पुन्हा वापरू नयेत, नव्या लावाव्यात.

मग दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी वहीत नोंद करावी : कोणत्या क्रमांकाच्या नळीचे तोंड बंद झाले आणि कशाने. घरमालकीण दिसली नाही तरी दारावरून तिचे कूळ बऱ्याचदा ओळखता येते. हिरव्या पानांच्या गोल चकत्या असतील तर पर्णकर्तक माशी. अशा वेळी जवळच्या गुलाबाची किंवा बोगनवेलीची पाने पाहावीत, कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल सापडतील. हीच मंडळी तुरीच्या फुलांवर काम करताना दिसतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांना दाखवावे. चिकट, डिंकासारखे दार असेल तर राळ गोळा करणारी माशी. तोंडातून गवताच्या काड्या बाहेर आल्या असतील तर गवत वाहणारी गांधीलमाशी. गुळगुळीत चिखल असेल तर बहुधा कुंभारीण किंवा तिची कोळी धरणारी बहीण, मात्र काही माश्याही चिखल वापरतात. तेव्हा नोंदीत 'चिखल' असेच लिहावे, नाव नंतर ठरवावे. जे पाहिले ते आणि जे अनुमानले ते यांच्यासाठी वहीत दोन वेगळे रकाने आखावेत. या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा धडा मला तोच वाटतो.

वर्षाअखेर वहीतून प्रश्न आपोआप उभे राहतील. कोणता व्यास जास्त भरला? ऊन आणि सावली यांत फरक पडला का? मोठ्या विद्यार्थ्यांसाठी एक अवघड प्रश्नही आहे. या कीटकांत फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. आई साधारणपणे आतल्या खोल्यांत माद्या आणि दाराजवळ नर ठेवते. नळी आखूड किंवा अरुंद असेल तर नरांचे प्रमाण वाढते. हे फाब्रने आपल्या नळ्यांवरच दाखवले होते. शोभेसाठी बोटभर लांबीच्या नळ्या लावणाऱ्याने, भले करायच्या हेतूने, पुढल्या पिढीतल्या माद्याच कमी केल्या असे होऊ शकते. लांबी १५ सेंटिमीटर का, याचे उत्तर हे आहे.

आणि बंद नळ्यांपैकी एखादी वर्गात आणावी. जाळीदार झाकणाच्या बरणीत ठेवावी आणि वाट पाहावी. काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी कोणीतरी बाहेर येईल. पाहून झाले की त्याला मोकळे सोडावे. रिकामी नळी मग उभी चिरून आतल्या खोल्या मोजाव्यात. कुंभारिणीची असेल तर कधीकधी न खाल्लेल्या अळीचे अवशेष सापडतील. इथे आपल्या परंपरेतल्या एका दृष्टांताची आठवण होईल. कुंभारीण अळीला घरात कोंडते, अळी तिचेच ध्यान करते आणि शेवटी स्वतःच भृंग होऊन बाहेर पडते, असे कीटभृंगन्याय सांगतो. ज्यांनी तो रचला त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. आत गेली ती अळी आणि बाहेर आली ती माशी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. फक्त मधली खोली त्यांनी उघडली नव्हती. आत दोन जीव होते : डंखाने निश्चल केलेली अळी ही शिदोरी आणि अंड्यातून निघालेले पिल्लू हे खाणारे. दृष्टांत भक्तीच्या जागी आपल्या अर्थाने राहील. पण निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक बंद खोली असते, हे सांगायला यापेक्षा चांगले घरगुती उदाहरण मला माहीत नाही.

अंगणाचेही बघावे. सगळे फरसबंद करण्याआधी उन्हातला एक कोपरा मोकळा सोडावा. वाळलेल्या काटक्या सगळ्या जाळू नयेत. तिथे 'येथे काम चालू आहे' अशी पाटी मुलांनी लावली तर पंचतारांकित हॉटेलपेक्षा ती जास्त खरी ठरेल.

त्या प्रकल्पाला मी किती गुण दिले? तक्त्यावरच्या दाव्याला शून्य. सुतारकामाला चांगले. निरीक्षणाला मी गुण देणारच नव्हते, पण निघण्यापूर्वी त्या मुलीला चिखलाच्या दारांमागे काय आहे ते सांगितले. तिने पटकन विचारले, "मग मॅडम, आम्ही आत आणून ठेवलंय, ते बाहेर येतील तेव्हा त्यांना दार कुठं सापडेल?" माझ्या हे लक्षातच आले नव्हते. संध्याकाळी प्रदर्शन संपताच मुलांनी ते घर उचलून बागेत नेले आणि पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच दिशेला तोंड करून ठेवले. प्रकल्पाला क्रमांक मिळाला नाही. त्या प्रश्नासाठी माझ्याकडे गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

फाल्गुनात शाळेतून निरोप आला. तीनपैकी दोन दारांना भोके पडली होती, आतून.